गाणाऱ्याचें स्वातंत्र्य

'स्वतंत्र कलावंत' हा शब्द अलीकडे संगीताच्या क्षेत्रांत फार ऐकूं येऊं लागला आहे. ज्या गायकास वा गायिकेस कोणत्याहि कंपनीचा आधार नाहीं, जो आपलें गाणें आपल्या खर्चानें मुद्रित करतो, आपणच तें लोकांपुढें मांडतो आणि त्याच्या यशापयशाचा धनीहि आपणच होतो, त्यास हें विशेषण लावण्याची रीत पडली आहे. शब्द मोठा आहे व मनास उल्हास देणारा आहे. पण ज्या शब्दाच्या नुसत्या उच्चारानें माणसाचा ऊर भरून येतो, तो शब्द तराजूंत घालून पाहणें हें टीकाकाराचें पहिलें काम होय. आणि प्रस्तुत लेखांत तेंच करण्याचें आम्हीं योजिलें आहे. गाणारा खरोखर स्वतंत्र झाला आहे काय? झाला असल्यास कोणापासून? आणि या स्वातंत्र्याची किंमत कोण व कोणत्या नाण्यांत मोजीत आहे?

हे प्रश्न आम्ही परतुरास बसून विचारीत आहों, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. मुंबई-पुण्यास बसून ते विचारले तर उत्तर थोडें निराळें येईल. कारण तेथील गाणाऱ्यास कंपनीचें दार निदान दिसत तरी होतें. आमच्याकडील गाणाऱ्यास तें दार कोणत्या गल्लींत आहे हेंच मुळीं ठाऊक नसे.

गाणारा व ऐकणारा यांच्यामध्यें तीन गोष्टी असतात. पहिली यंत्र, म्हणजे आवाज टिपून ठेवण्याचें साधन. दुसरी वाट, म्हणजे तो टिपलेला आवाज परक्या घरीं नेणारी व्यवस्था. आणि तिसरी कान, म्हणजे तो आवाज ऐकून त्याचें मोल करणारा रसिक. या तिहींपैकीं एक जरी दुसऱ्याच्या मुठींत असली, तरी गाणाऱ्याचें स्वातंत्र्य तेवढ्यापुरतें उणें समजलें पाहिजे. या मापानें गेल्या सवाशें वर्षांचा हिशेब मांडला, म्हणजे कोणती मूठ केव्हां सुटली व कोणती अधिक आवळली, हें स्पष्ट दिसूं लागतें.

हिंदुस्थानांत ध्वनिमुद्रणाचा व्यापार सुरू झाला तो १९०२ सालीं. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायस्बर्ग हे त्या वर्षाच्या अखेरीस कलकत्त्यास आले व गौहरजान आदि गायिकांचीं गाणीं त्यांनीं मेणाच्या तबकडीवर टिपलीं. त्या तबकड्या छापण्यासाठीं जर्मनींत हानोव्हर येथें जात. कलकत्त्यास कंपनीचा कारखाना निघाला तो १९०८ सालीं. म्हणजे गाणें येथलें, गाणारीण येथली, परंतु तेंच गाणें येथल्या घरांत वाजण्यासाठीं समुद्र दोनदां ओलांडावा लागे. तबकडीची एक बाजू सुमारें तीन मिनिटांची. बैठकींत जो ख्याल वा जी ठुमरी तासभर रंगावयाची, ती या तीन मिनिटांत बसवावी लागली. आणि गाणें संपतांच गायिकेनें आपलें नांव मोठ्यानें उच्चारावें, म्हणजे तबकडी कोणाची हें परदेशांतील कारागिरांस कळावें, अशीहि रीत पडली. येथें एक गोष्ट टिपण्यासारखी आहे. यंत्र जें टिपतें त्यास तें आपला आकारहि देतें. हा नियम पुढें आपणांस पुनः उपयोगी पडणार आहे.

पुष्कळ थोर गवई या यंत्रापासून दूर राहिले. उस्ताद अल्लादियाखाँ १९४६ सालीं निवर्तले. त्या वेळीं ध्वनिमुद्रणाचें युग सुरू होऊन चव्वेचाळीस वर्षें झालीं होतीं. तरी त्यांची एकहि तबकडी बाजारांत आली नाहीं. त्यांची गायकी आज आपण केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या शिष्यांच्या गाण्यावरून अनुमानानें जाणतों. गवयानें यंत्रास नकार देणें हेंहि त्याचें एक प्रकारें स्वातंत्र्यच होतें. पण हें स्वातंत्र्य ज्याची कीर्ति आधींच दिगंतांत गेली आहे त्यास शोभतें व परवडतें. ज्याचें नांव तालुक्याबाहेर कोणी ऐकलें नाहीं, त्याचा नकार कोणास ऐकूंच जात नाहीं.

कंपनीच्या दारावर नुसता पहारेकरी बसलेला असे, पारखी नसे, असें मात्र कोणी म्हणूं नये. तसें म्हणणें अन्यायाचें होईल. आमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यांत मेहकर येथें राहणारे कवि ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांनीं गाऊन १९३० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच तबकडीवर आणली. कवीचा 'शीळ' हा संग्रह निघाला तो १९५४ सालीं. म्हणजे पुस्तक निघण्यापूर्वीं कितीतरी वर्षें मेहकरच्या कवीचें नांव तबकडीनें घरोघरीं नेलें होतें. हेच जोशी पुढें १९३८ पासून त्या मोठ्या कंपनींत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले आणि गाणाऱ्यानेंच गाणाऱ्यास पारखावें असा योग जुळून आला. तसेंच १९३५ सालीं मुंबईंत निघालेल्या नॅशनल ग्रामोफोन कंपनीच्या 'यंग इंडिया' या तबकड्यांनीं कितीतरी नवख्या व हौशी गायकांस वाव दिला. पारखी नजरेचा माणूस दारावर असला म्हणजे दारहि उपकारक होतें. पण दार तें दारच. तें उघडावें कीं नाहीं हें आंतला ठरवितो, बाहेरचा नाहीं.

आतां परतुराकडे वळूं. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला व परतूर त्या मार्गावर आलें. हा प्रदेश १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होता, पुढें परभणी जिल्ह्यांत राहिला, व १ मे १९८१ रोजीं जालना जिल्हा निर्माण झाल्यावर त्यांत आला. रेल्वेनें येथल्या माणसास बाहेर नेलें. परंतु येथला आवाज बाहेर नेणारें यंत्र मुंबई-कलकत्त्यासच राहिलें. परिणाम असा झाला कीं, मराठवाड्यांत तबकडी आली ती ऐकण्याची वस्तु म्हणून. बोलण्याचें साधन म्हणून ती आली नाहीं. समर्थांचें जन्मस्थान जांब जालना जिल्ह्यांत, जनाबाईचें गंगाखेड परभणी जिल्ह्यांत, नामदेवांची नरसी हिंगोली जिल्ह्यांत, एकनाथांचें पैठण गोदेच्या कांठीं. शब्दाची एवढी श्रीमंती ज्या प्रदेशानें महाराष्ट्रास दिली, त्याचा स्वतःचा गळा मात्र तबकडीच्या युगांत जवळजवळ मुका राहिला. येथले गोंधळी, वासुदेव, भारुडें करणारे, जात्यावर ओव्या गाणाऱ्या बाया यांच्यापैकीं किती आवाज असेच हवेंत विरून गेले, त्याची गणती कोणी करावी?

ही हानि थोडीशी भरून काढण्याचें काम व्यापाऱ्यांनीं केलें नाहीं, तें अभ्यासकांनीं केलें. पुण्याच्या हेमा रायरकर व गी पॉइत्व्हाँ यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रांतील खेडोपाडीं हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या उतरून घेतल्या. त्यांतील पुष्कळ प्रत्यक्ष गाणाऱ्या बायांच्या आवाजांत मुद्रितहि झाल्या आहेत. परभणी जिल्ह्यांतील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे, बीड जिल्ह्यांत माजलगांवच्या भीमनगरांतील स्त्रिया, असे आमच्या अंगणांतले आवाज त्यांत आहेत. 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संस्थेनें २०१७ पासून हा संग्रह लोकांसमोर मांडण्यास आरंभ केला. या कार्याची आम्हांस सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ही कीं, प्रत्येक ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचें नांव व तिचें गांव नोंदलेलें आहे. 'लोकगीत' या शब्दाच्या पोटांत कैक बायांचीं नांवें आजवर गडप झालीं. येथें तीं परत मिळालीं. आम्ही तर म्हणतों कीं, गाणाऱ्याच्या स्वातंत्र्याची पहिली पायरी पैसा ही नव्हे. आपल्या आवाजाखालीं आपलें नांव असणें ही होय.

तबकडीनंतर कॅसेट आली. फिलिप्स कंपनीनें ती १९६३ सालीं युरोपांत काढली आणि विसाव्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकांत ती आपल्या देशांत खेडोपाडीं पोंचली. हिची छपाई स्वस्त, यंत्र सुटसुटीत. म्हणून लहान शहरांतील लहान व्यापारीहि कॅसेट काढूं लागले. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकानें १९९३ सालच्या आपल्या ग्रंथांत उत्तर हिंदुस्थानाच्या आधारें या घडामोडीचा विचार केला आहे. पण त्याचीं निरीक्षणें मराठी मुलखासहि लागू पडतात. कॅसेटनें एका कंपनीची मिरास मोडली, प्रांतोप्रांतींच्या बोलींस व गाण्यांस बाजार मिळवून दिला. त्याबरोबरच चोरट्या प्रतींचा सुळसुळाटहि केला. महाराष्ट्रांत या वाटेनें सर्वांत मोठा आवाज उठला तो आंबेडकरी शाहिरांचा. वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांचीं नांवें ज्यांनीं वृत्तपत्रांत वाचलीं नव्हतीं, त्यांच्या घरींहि त्यांचीं गाणीं वाजत होतीं. दीक्षाभूमीवर व चैत्यभूमीवर पुस्तकांच्या शेजारीं गाण्यांच्या कॅसेटींचीं दुकानें लागत. समाजाचा एक मोठा भाग आपल्याच कंठानें आपणांशींच बोलूं लागला, ही गोष्ट मराठी वाङ्मयाच्या इतिहासांतहि लहान नव्हे. तथापि त्या काळींहि पुष्कळदां गाणें एकरकमी विकलें जाई. वेष्टनावर गाणाऱ्याचें चित्र, हक्क मात्र छापणाऱ्याचा. यंत्राची मूठ सैल झाली होती. वाटेची मूठ तशीच राहिली.

आजची स्थिति काय? यंत्र आतां खिशांत आलें आहे. २०१६ नंतर मोबाईलवरील इंटरनेट अत्यंत स्वस्त झालें आणि परतूर तालुक्यांतील वाडीवस्तीवरचा मुलगाहि आपलें गाणें टिपून त्याच दिवशीं जगापुढें ठेवूं शकतो. १९०२ सालीं ज्या कामास परदेशी अधिकारी, मेणाची तबकडी व आगबोट लागे, तें काम आतां एका बैठकींत उरकतें. यंत्राच्या बाबतींत गाणारा स्वतंत्र झाला आहे, हें मोकळ्या मनानें मान्य केलें पाहिजे. आणि जे लोक या नव्या गाण्यांच्या पुराकडे पाहून नाक मुरडतात, त्यांनीं हा इतिहास आधीं आठवावा.

या स्वातंत्र्याचें शुभ फळ पाहावयाचें असेल तर कडूबाई खरात यांच्याकडे पाहावें. छत्रपती संभाजीनगरच्या या गायिका एकतारीवर भीमगीतें गातात. मोबाईलवर टिपलेलीं त्यांचीं गाणीं लोकांनीं एकमेकांस पाठविलीं आणि त्यांचा आवाज महाराष्ट्रभर पोंचला. एक तार आणि एक गळा, याहून अधिक त्यांत कांहीं नाहीं. शब्द स्वच्छ, उच्चार मराठवाडी, श्वास ऐकूं येणारा. बाईच्या आवाजांत जें आहे तेंच आपल्यापर्यंत पोंचतें. मध्यें कोणी रंग लावलेला नाहीं. उत्तम ध्वनिमुद्रणाचें लक्षण याहून निराळें काय सांगावें?

उलट, आमच्याकडील पुष्कळ तरुण गायकांचीं 'स्टुडिओंत केलेलीं' गाणीं ऐकून आम्हांस खेद होतो. गायकानें पदरचे पैसे मोडलेले असतात, घरच्यांनीं त्यास मोठ्या आशेनें धाडलेलें असतें. आणि हातीं येतें तें असें गाणें, कीं ज्यांत त्याचा आवाजच त्यास ओळखूं येऊं नये. सूर यंत्रानें सरळ केलेला, घुमारा इतका कीं भजन विहिरींत बसून म्हटल्यासारखें वाटावें, ढोलकीच्या जागीं तयार ठोक्यांची माळ, आणि सर्वच वाद्यें एकसारख्या मोठ्या आवाजांत. ढोलकीचा हात लयीपुढें किंचित् धांवतो वा मागें रेंगाळतो, त्यांतच तिची गंमत असते. ती गंमत या माळेंत उरत नाहीं. वाईट गळ्यास झांकण्यासाठीं काढलेलें साधन चांगल्या गळ्यावर पांघरूण घालतें, हा या सोयीचा विपरीत परिणाम होय. आमचें अशा गायकांस सांगणें आहे कीं, मोठ्या खर्चाआधीं एक शांत खोली पाहावी, भिंतींवर गोधड्या टांगाव्या म्हणजे आवाज घुमत नाहीं, ध्वनिग्राहक तोंडापासून वीतभर दूर ठेवावा, आणि आपलें वाद्य घेऊन एकदां मनसोक्त गावें. तें ऐकून मग ठरवावें कीं, आपल्या गाण्यास आणखी कशाची गरज आहे. पुष्कळदां कशाचीहि नसते.

आतां वाटेचा विचार. वरवर पाहतां वाटहि मोकळी झालेली दिसते. यूट्यूबवर गाणें ठेवण्यास मोल पडत नाहीं. स्पॉटिफाय ही कंपनी २०१९ च्या फेब्रुवारींत आपल्या देशांत आली, आणि वितरकांच्या मार्फत कोणासहि तिच्या दुकानांत आपलें गाणें मांडतां येतें. पण मांडणें निराळें, विकलें जाणें निराळें. यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नांत वांटा मिळावा म्हणून सामान्यतः एक हजार वर्गणीदार व वर्षभरांत चार हजार तास पाहणें, अशी अट आहे. वाचकहो, चार मिनिटांचें गाणें धरलें तर चार हजार तास भरण्यास तें साठ हजार वेळां शेवटपर्यंत ऐकलें गेलें पाहिजे! स्पॉटिफायनें २०२४ पासून असा नियम केला आहे कीं, ज्या गाण्यास मागील बारा महिन्यांत एक हजार वेळां ऐकणारा मिळाला नाहीं, त्यास मुद्रणाचें मानधन मिळूं नये. शिवाय अशा ठिकाणीं सर्वांची वर्गणी बहुधा एका पेटींत पडते व एकंदर ऐकण्याच्या प्रमाणांत वांटली जाते. परतुराच्या एखाद्या गृहस्थानें वर्गणी भरून महिनाभर केवळ ओव्या ऐकल्या, तरी त्याच्या रुपयांतील फारच थोडा भाग ओवी गाणारीस मिळेल. बाकीचा ज्यांचीं गाणीं तो कधींच ऐकत नाहीं, अशा प्रख्यात मंडळींकडे जाईल. दार गेलें, पण त्याच्या जागीं चाळण आली. जुन्या दारावरील माणसास विनवितां तरी येत असे. या चाळणीस कान नाहींत.

या व्यवस्थेचा कलेवर होणारा परिणाम हा आम्हांस पैशाच्या प्रश्नाहून गंभीर वाटतो. श्रोता पहिल्या कांहीं क्षणांतच गाणें सोडून पुढें जाईल, या भीतीनें गाणाऱ्यानें आलाप गाळला, प्रस्तावना गाळली, धृपद आरंभींच आणलें. तबकडीनें ख्यालास तीन मिनिटांत बसविलें. आतां तीन मिनिटें ही चैन वाटूं लागली आहे, आणि अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यासाठींच गाणीं बांधलीं जात आहेत. यंत्र आपला आकार देतें, असें आम्हीं वर म्हटलें, वाटहि देते. त्यांत भर ही कीं, गाणाऱ्याचा दिवस आतां गाण्यापेक्षां गाण्याच्या जाहिरातींत अधिक जातो. छायाचित्रें, चित्रफिती, रोजचें कांहींतरी बोलणें. एक दिवस गप्प राहिला तर लोक विसरतील हा धाक. रियाझाचा वेळ दवंडीस जाऊं लागला. कंपनीचा नोकर नसलेला हा गायक आपल्याच प्रसिद्धीचा अहोरात्र राबणारा नोकर झाला आहे, आणि यास आपण स्वातंत्र्य म्हणतों!

तथापि जाहिरात ही वस्तुतः निंद्यच आहे, असें आमचें मत नाहीं. वासुदेव पहांटे टाळ वाजवीत येतो, तीहि जाहिरातच. पण त्याची टाळ त्याच्या गाण्याचाच भाग असते. जी प्रसिद्धि कलेंतूनच निघते ती कलेस मारक होत नाहीं. २०२४ सालीं गाजलेलें श्रेयस सागवेकर व क्रेटेक्स यांचें 'तांबडी चामडी' हें गाणें याचें उदाहरण म्हणून घेतां येईल. त्यांत भावाची खोली शोधूं जाणें व्यर्थ आहे. तें नाचण्याचें गाणें आहे व तेवढेंच होऊं इच्छितें. परंतु मराठी शब्दांचा ठसका हाच ताल करण्याची त्यांतील युक्ति खरी आहे, आणि त्यामुळें शब्द न कळणारे परदेशी लोकहि त्यावर नाचले. तें प्रसिद्ध केलें मात्र नेदर्लंड्समधील स्पिनिन् रेकॉर्ड्स या कंपनीनें. यांत कमीपणा कांहीं नाहीं. आपली वस्तु आधीं आपल्या मनाप्रमाणें घडवून मग सोबती निवडणें, हें स्वातंत्र्याच्या विरुद्ध नाहीं. वस्तु घडण्यापूर्वींच सोबत्याच्या मर्जीप्रमाणें ती घडविणें, हें विरुद्ध आहे.

कायद्याविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे; कारण आमच्याकडील गाणारे याच ठिकाणीं फार नागवले जातात. १९५७ च्या कायद्याप्रमाणें शब्द लिहिणारा, चाल बांधणारा व ध्वनिमुद्रणाचा निर्माता यांचे हक्क वेगवेगळे आहेत. गाणाऱ्याचे हक्क १९९४ च्या दुरुस्तीनें आले. आणि २०१२ च्या दुरुस्तीनें कवीचा व संगीतकाराचा मानधनांतील समान वांटा असा सुरक्षित केला कीं, वारस वा हक्कसंस्था यांखेरीज तो कोणास लिहूनहि देतां येऊं नये. ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे ज्यानें त्या मुद्रणाचा पुढाकार व जबाबदारी घेतली तो. आणि त्याचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षें चालतो. म्हणून जो गायक स्वतः खर्च करून स्टुडिओंत जातो, त्यानें मी निर्माता आहें असें साध्या कागदावर का होईना, पण लिहून घ्यावें, आणि मूळ मुद्रण आपल्या ताब्यांत ठेवावें. दुसरें असें कीं, लोकप्रिय चित्रपटगीताच्या चालीवर भजन, गवळण वा भीमगीत बांधण्याची आपली जुनी चाल आतां महागांत पडते. यूट्यूबचें यंत्र परकी चाल ओळखतें व हक्कदारानें मागणी केल्यास त्या गाण्याचें उत्पन्न त्याच्याकडे वळवितें. मराठवाड्यांत गोंधळाच्या, भारुडाच्या, ओवीच्या चालींची एवढी खाण उघडी असतांना परक्या चालीचें भाडें भरीत बसण्यांत शहाणपणा तो कोणता?

राहतां राहिला कान. आणि येथें आमचा रोख सुशिक्षित कुटुंबांकडे आहे. यंत्राची मूठ सुटली, वाटेची मूठ परक्या कंपन्यांच्या हातीं आहे, पण कानाची मूठ तुमच्याआमच्या हातीं आहे. पूर्वीं कीर्तनकारास बिदागी, गोंधळ्यास शिधा, वासुदेवास सुपांतलें धान्य देणें हा घरचा धर्म होता. ऐकलें म्हणजे कांहीं दिलें पाहिजे, हा संस्कार त्यामागें होता. आज तेंच कुटुंब दिवसभर गाणीं ऐकतें व एक पैसाहि देत नाहीं; एवढेंच नव्हे, तर आलेलें गाणें गाणाऱ्याचें नांव पुसून दहा ठिकाणीं धाडून देतें. कीर्तनें कोणी तिऱ्हाइत टिपतो आणि आपल्या नांवानें मांडून बसतो. ऐकणारा कधीं विचारीत नाहीं कीं, बोवांची परवानगी होती काय. गाणें आवडलें तर तें पुरतें ऐकावें, पुढें धाडतांना नांव व गांव लिहावें, घरच्या मंगलकार्यांत ध्वनिवर्धकावर रेकॉर्डी वाजविण्याऐवजीं तालुक्यांतील गाणाऱ्यास मानानें बोलवावें व मोबदला ठरवून द्यावा. ही दानधर्माची गोष्ट नव्हे. साठ हजार अनोळखी कानांची वाट पाहणाऱ्या गायकास साठ ओळखीचीं घरें मिळालीं, तर त्याचा चरितार्थ अधिक लवकर चालेल, हा व्यवहार आहे.

मराठी टीकेचेंहि या बाबतींत एक कर्तव्य आहे. पुस्तक लहान गांवीं छापलें गेलें तरी आपण त्याचा अभिप्राय देतों. पण लहान गांवीं मुद्रित झालेल्या गाण्याविषयीं कोणी चार ओळी लिहीत नाहीं. त्यामुळें किती लोकांनीं ऐकलें, हा आंकडाच गुणांचा एकमेव साक्षी होऊन बसला आहे. कोणी म्हणेल कीं, प्रत्येक जण गाऊं व टिपूं लागला तर भिकार गाण्यांचा महापूर येईल, त्यापेक्षां कंपनीचा पारखी बरा होता. आमचें उत्तर असें कीं, छापखाने वाढले तेव्हांहि भिकार पुस्तकांचा पूर आला. त्यावर छापखाने बंद करणें हा उपाय कोणीं केला नाहीं. चांगलें कोणतें व कां, हें सांगणारी मासिकें निघालीं, वाचनालयें निघालीं, आणि वाचकांची रुचि हळूहळू घडत गेली. गाण्यासहि हाच मार्ग आहे. दार पुनः बसविण्याची गरज नाहीं; दारावरचा पारखी मात्र पुनः हवा, आणि तो कंपनीचा नोकर नसून रसिकांचा मित्र असावा.

आतां मूळ शब्दाकडे येऊं. कोणाचाहि आधार नसणें यास आम्ही स्वातंत्र्य म्हणत नाहीं. तें एकाकीपण होय, आणि एकाकी माणूस सर्वांत आधीं विकला जातो. गाणाऱ्याचें स्वातंत्र्य म्हणजे नाहीं म्हणण्याची शक्ति. हा आलाप मी गाळणार नाहीं, हा ठोका मला नको, हा कागद वाचल्याशिवाय मी सही करणार नाहीं, आठ दिवस मी जाहिरात न करतां रियाझ करणार आहें, असें जो म्हणूं शकतो तो स्वतंत्र. ही शक्ति यंत्र देत नाहीं. ती कांहीं अंशीं ज्ञानानें येते, कांहीं अंशीं पोटाच्या निश्चिंततेनें येते, आणि उरलेली जवळच्या श्रोत्यांच्या आदरानें येते. परतुरासारख्या गांवीं यांतील पहिली गोष्ट शिकवितां येण्याजोगी आहे, आणि उरलेल्या दोन देणें येथल्या घरांच्या हातीं आहे. गाण्याचें यंत्र आमच्या वाट्यास शंभराहून अधिक वर्षें उशीरानें आलें. कानहि तितक्याच उशीरानें यावेत, असा कांहीं नियम नाहीं.